बेचाळीस पानांचं लग्न

— आवडायची? मला? ती बर्कपा? काय विचारतेस, बेटा! त्या बाईत आवडण्यासारखं होतं तरी काय, तूच सांग. सातही खंड वाचून आलीयेस ना? मग तिचं पहिलं वर्णन आठव. नाही आठवत? मला आठवतं, माझ्या हातानं लिहिलंय मी ते — ‘रंग तव्याच्या पाठीसारखा, आवाज फुटक्या नगाऱ्यासारखा, आणि दस्तरखानावर बसली तर वाढणारे दमावेत.’ ही म्हणे नायिका! बाकीच्यांच्या तिलिस्मी, जादूच्या कादंबऱ्यांतल्या नायिका बघ — चांदण्यानं तोंड लपवावं अशा, राक्षसानं पळवलं की नीट, न धडपडता पळवून घेणाऱ्या, आणि सोडवायला कुणी येईस्तोवर मनोऱ्याच्या खिडकीत बसून वेळच्या वेळी रडणाऱ्या. आणि ही? हिला कहरमान जादूगारानं मनोऱ्यात कोंडलं, तर पहिल्या दिवशी हिनं काय केलं? मुदपाकखाना रिकामा केला. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यांना गंजिफ्यात हरवून त्यांची पागोटी काढून घेतली. तिसऱ्या दिवशी जादूगारच हात जोडून म्हणाला, बाई, तू जा. — हसू नकोस. हसण्यासारखं काय आहे त्यात? ऐयारी म्हणजे पुरुषांचं काम. वेष पालटायचा, शत्रूच्या गोटात शिरायचं, बेशुद्धीची पूड फुंकायची, गाठोडं बांधून राजाला उचलून आणायचं. तुझ्या आजोबांना पुरुष सापडले नाहीत, आख्ख्या हैदराबादेत? मुईज साहेब, शहाणा माणूस, वीज खात्यात कारकून, आणि तिलिस्म, ते जादूचं मायाजाल, तोडायला बसवली कुणाला? तर बाईला. तीही असली.

बस, नीट टेकून बस. त्या खुर्चीचा डावा हात ढिला आहे, त्याच्यावर भार टाकू नकोस. पाणी पी. बिदरहून पहाटे निघाली असशील. आणि हे गाठोडं कशाला सोडतेस आता? — हो, दिसतंय. त्यांचंच अक्षर. शाईत बुडालेली माशी कागदावरून घरी चालत गेली की असं अक्षर उमटतं. माझ्याशिवाय कुणाला लागायचं नाही ते, त्यांना स्वतःलाही नाही. बरं, मग? हस्तलिखितात बर्कपाचं लग्न होतं, आणि छापलेल्या सातव्या खंडात होत नाही. बरोबर. आणि तू आता सातही खंड नव्यानं छापणार, तर तुला आजोबांचा खरा शेवट घालायचाय. चांगली गोष्ट आहे. घाल की! त्यासाठी माझ्या बावीस पायऱ्या चढून कशाला आलीस? मला काय ठाऊक फरक कसा पडला ते?

अगं, कातिब म्हणजे काय? हात. नुसता हात. लेखकानं ठेवलं ते सुवाच्य अक्षरात काढायचं. तेव्हा आमच्या उर्दू किताबा टाइपानं छापल्या जात नव्हत्या, सगळं आम्ही बोरूनं पिवळ्या कागदावर लिहायचं, तो कागद दगडावर दाबायचा, दगडावरून पुस्तक. एखादा नुक्ता, म्हणजे अक्षरावरचं टिंब, चुकला तर कातिबाचा गाढवपणा, सगळं बरोबर आलं तर लेखकाची प्रतिभा. आणि कातिब म्हणून नाव तरी माझं कुठं आहे? शेवटच्या पानावर बघ, मुंगीएवढ्या अक्षरात — ‘कातिब : अब्दुल वासे’. ते माझे अब्बा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. छत्ता बाजारात ओळीनं कातिबांच्या बैठका, सगळे दाढीवाले, आणि आमच्या बैठकीत मागच्या बाजूला चिकाचा, बांबूच्या काड्यांचा पडदा, पडद्यामागं मी. पुढं अब्बा हातात बोरू धरून बसायचे, गिऱ्हाईक आलं की कागदावर टेकवायचे. सातही खंड, तीन हजारांवर पानं, ह्या सुग्रानं लिहिलीत, आणि गावाला वाटे मोतीबिंदू झाल्यापासून वासे साहेबांचं अक्षर फारच सुधारलं!

मुईज साहेबांना? त्यांना कळलं. पहिला खंड पुरा होईपर्यंत नाही कळलं, मग एकदा मी उठले, अब्बांना चहा द्यायला. पडदा हलला असेल, मला काय माहीत. मी चालले असेन चार पावलं. हा माझा पाय, बघतेच आहेस, चार वर्षांची असताना ताप आला नि तेव्हापासून हा असा आखूड. आणि दुसऱ्या खंडाची पानं आली तर काय बघते — बर्कपा लंगडी! पहिल्या खंडात तीनशे पानं दोन्ही धड पायांनी तटबंद्या चढली, पुढच्या खंडात एकदम डावा पाय आखूड. कारण? काही नाही. पडली नाही, झडली नाही, कुणी शाप दिला नाही. ‘आपली बर्कपा नेहमीप्रमाणे डावा पाय ओढत पुढे आली.’ नेहमीप्रमाणे! अगं, नाव काय तिचं? बर्कपा, म्हणजे विजेच्या पायांची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अब्बांना म्हटलं, तुमच्या त्या कादंबरीकाराला सांगा, जन्मजात व्यंग असं खंड बदलला म्हणून उगवत नाही. अब्बांनी सांगितलं. तर पलीकडून काय उत्तर आलं असेल? हळूच — ‘कातिब साहेब, पहिल्या खंडात माझं लक्ष नव्हतं. ती पहिल्यापासूनच तशी होती.’

मी बोरू घेतला आणि लिहिली लंगडी.

मग तर सवयच लागली त्यांना. मी पडद्याआडून अब्बांना काही म्हणावं आणि पुढच्या महिन्यात ते बर्कपाच्या तोंडी यावं. शहजादा फिरोजबख्त प्रत्येक प्रकरणात ढसाढसा रडायचा, तर मी एकदा वैतागून म्हटलं, एवढं पाणी जातं ह्याच्या अंगातून, ह्याला पाणी पाजतं कोण? — तिसरा खंड, किल्ल्याच्या वेढ्याचं प्रकरण, बर्कपा भर दरबारात शहजाद्याला जसंच्या तसं म्हणते. मी जेवायला उशीर झाला म्हणून आदळआपट केली, ती चौथ्या खंडात. माझी मावशी मला म्हणायची, ह्या पोरीच्या हसण्यानं कबुतरं उडतात — ती कबुतरं पाचव्या खंडात, कहरमानच्या गच्चीवरून. माणूस कादंबरी लिहीत होता की माझ्यावर पाळत ठेवून होता, देव जाणे. आणि वाचणारे खूश! वाचनालयांत रांगा. बायका म्हणायच्या, ही कुणी खरी असती तर! मी बुरख्यातून ऐकायची आणि पाय ओढत घरी यायची.

मी काही केलं नाही असं नाही म्हणत मी. एकदा केलं. चौथ्या खंडात त्यांनी बर्कपाला रडवलं — शहजाद्यासाठी, चंद्राकडे बघत, दीड पान. मी म्हटलं, ही बाई? ही चंद्राकडे बघणार? हिला त्यात भाकरी दिसेल. ते दीड पान मी लिहिलंच नाही. सरळ पुढचं वाक्य. मुद्रित तपासायला आले मुईज साहेब, वाचत वाचत तिथं थांबले, बोट ठेवलं. मी पडद्यामागून त्या बोटाकडे बघत होते. अब्बांना काही पत्ताच नाही. तर म्हणाले — ‘कातिबाची नजर चांगली आहे.’ बस, एवढंच, आणि पान उलटलं. कातिबाची म्हणे नजर! अब्बांना तर समोरचा चहाचा कप दिसत नव्हता.

— नाही, याला गंमत म्हणत नाहीत. याला कामात लुडबुड म्हणतात. लिहून घेऊ नकोस हे.

तर पाचव्या खंडात तिलिस्मात एक नवीन माणूस आला. तुझ्या लक्षात आलं असेल. वाकियानवीस, म्हणजे घडलेलं सगळं टिपून ठेवणारा. काटकुळा, सारखा खोकणारा, आणि चष्मा लावणारा. चष्मा! जिथं माणसं उडत्या घोड्यावरून फिरतात, आरशातून भुतं बोलतात, तिथं ह्याला चष्मा कुणी करून दिला? नंबर कुणी काढला? आणि हा करतो काय, तर काही नाही. बर्कपा तटावरून उडी मारते, हा खाली उभा राहून लिहितो. बर्कपा राक्षसाच्या दाढेत दोर अडकवते, हा जरा लांब उभा राहून लिहितो. सहाव्या खंडात तिच्या पायाला बाण लागतो, तर हा पट्टी आणायला धावतो आणि वाटेत चष्मा पडतो. मी अब्बांना म्हटलं, हा माणूस एका खंडात मरेल. पडद्यापलीकडे कुणाला तरी ठसका लागला. मी मुकाट चिकाच्या फटीतून बघितलं. काटकुळा माणूस, सुती शेरवानी, चष्मा. रुमालात खोकत होता.

तेव्हा मला कळायला हवं होतं म्हणतेस? कळलं होतं गं. मी काय मूर्ख आहे? तिशीला आले होते मी. पण कळून करायचं काय? ते काही बोलत नव्हते. अकरा वर्षं यायचे, अब्बांशी हवापाण्याच्या गोष्टी करायचे, ‘पडद्यामागं सगळं खैरियत?’ विचारायचे, पानं ठेवायचे, जायचे. त्यांचं पहिलं कुटुंब बाळंतपणात गेलेलं, घरी म्हातारी आई, जातीपातीची अडचण नाही, वयाची नाही, कशाचीच नाही. एक बाई पाठवायची होती लग्नाचा पैगाम घेऊन. सारं गाव पाठवतं. पण साहेब लेखक ना! लेखकाला सरळ वाटेनं कुठं जाता येतं?

मग आला सातवा खंड. आणि त्यात ही — हीच, तुझ्या मांडीवर आहेत ती बेचाळीस पानं. तिलिस्म तुटलं, कहरमान मेला, शहजाद्याला त्याची परी मिळाली, आणि बादशहानं जाहीर केलं, की बर्कपानं फार कष्ट केले, आता तिचा निकाह वाकियानवीसाशी. झालं! बेचाळीस पानांचं लग्न! मंडपाची कनात किती गज, ते आहे. हत्ती किती, ते आहे. मेजवानी तर अकरा पानं — दम का मुर्ग, डबल का मीठा, खुबानीचा मीठा, आणि तोही साय घालून, तिलिस्मात! हलवाई कुठून आणला विचारू नकोस. तिच्या ओढणीवरच्या जरीला तीन पानं. वाकियानवीसाच्या आनंदाला पाच. आणि मी हे लिहितेय. कळतंय का तुला? माझ्या हातानं मी माझ्याच लग्नाची पुलावाची देगं लिहितेय, पिवळ्या कागदावर, एकेक नुक्ता देऊन, आणि मला कुणी विचारलेलं नाही! मी पानं पुढं उलटली, मागं उलटली. म्हटलं असेल कुठंतरी, हत्तीच्या पायाखाली सापडलं असेल. नव्हतं. बेचाळीस पानांत काझी आहे, खुतबा आहे, खजूर उधळलेत — पण वकील आणि दोन साक्षीदार आत जातात, पडद्याशी उभे राहतात आणि मुलीला विचारतात, तुला कबूल आहे का, ते नाही. आपल्यात मोलकरणीच्या मुलीलाही विचारतात, बेटा. तीनदा विचारतात. तेवढं एक साहेब विसरले.

राग? छे. राग कशाला येईल? एवढा थाटमाट केला होता त्यांनी.

मी फक्त ते राहिलेलं घातलं. कातिबाचं कामच आहे ते, गाळलेलं भरणं. नेमकी त्यांना तेव्हा कावीळ झाली, दोन महिने अंथरुणात, मुद्रित बघणार कोण? अब्बा! आणि प्रकाशक हाजी साहेबांना जानेवारीच्या नुमाइशीत, त्या मोठ्या प्रदर्शनात, पुस्तक मांडायची घाई. मी लिहिलं — वकील आला, साक्षीदार आले, पडद्याशी उभे राहिले, आणि विचारलं. आता विचारलं की उत्तर आलं पाहिजे. आणि उत्तर तर हस्तलिखितात नाही! मग काय करू मी? तुला ठाऊक आहे ना आपल्याकडची रीत, मुलगी लाजून गप्प बसली तरी कबूल, हुंदका दिला तरी कबूल, शेजारणीनं मान धरून हलवली तरी कबूल. बर्कपाला हे ठाऊक होतं. म्हणून ती गप्प बसली नाही. तिनं पडदा बाजूला केला आणि फुटक्या नगाऱ्याच्या आवाजात म्हणाली, ‘नाही.’ मग जेवली — देगं उतरवलेली होती, अन्न काय म्हणून वाया घालवायचं — आणि पाय ओढत वेशीबाहेर गेली. साडेतीन पानं. बेचाळीसची साडेतीन झाली, कागद वाचला म्हणून हाजी साहेब खूशच. कुणी वाचून बघितलं नाही.

वाचलं ते याकुतपुऱ्यातल्या एका मुलीनं. नुमाइश संपून आठ दिवस झाले असतील. तिचा निकाह होता, कुणा मामेभावाशी. वकील विचारायला गेला आणि ती पोरगी मोठ्यानं म्हणाली, ‘नाही.’ मामी बेशुद्ध, वरात परत, आणि तिच्या उशीखाली काय सापडलं? सातवा खंड. तिचे दोघं चुलते, मशिदीचे दोन बुजुर्ग, सगळे हाजी साहेबांच्या दुकानात. हाजी साहेब पांढरेफटक. त्यांनी अब्बांना बोलावलं, मुईज साहेबांना बोलावलं. मी अब्बांचा हात धरून गेले आणि त्यांच्याशेजारी कोपऱ्यात बुरख्यात बसले. मुईज साहेब आले, अजून पिवळेच होते डोळे, भिंतीला धरून. त्यांनी तोवर पुस्तक बघितलंसुद्धा नव्हतं, अंथरुणातून थेट तिथं! एका बुजुर्गानं ते पान उघडून समोर धरलं — ‘हे तुम्ही लिहिलंत? शरम नाही वाटत? आमच्या मुलींना हे शिकवता?’

त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. साडेतीनही पानं वाचली, सगळे उभे असताना, निवांत. मला वाटलं आता म्हणतील, हे माझं नाही. म्हणायलाच हवं होतं. एका वाक्यात सुटले असते, आणि अब्बांचं काम कायमचं गेलं असतं. मी अब्बांचा हात इतका घट्ट धरला की ते म्हणाले, सुग्रा, बोटं. आणि मुईज साहेब म्हणाले — ‘हो. मीच लिहिलंय. शब्द न् शब्द माझा.’ बुजुर्ग म्हणाले, माफी मागा, पुढच्या आवृत्तीत बदला. तर म्हणाले, ‘माफी मागतो. बदलणार नाही. मुलीला विचारलंत, तिनं सांगितलं. यात पुस्तकाचा काय दोष?’ काय काय ऐकून घेतलं त्यांनी त्या दिवशी! खात्यात तक्रार गेली. जुम्म्याला मशिदीतून निघताना लोकांनी पाठ फिरवली. आणि हा माणूस, ज्याला एका ओळीचं काम तीन पानांत केल्याशिवाय चैन पडत नसे, त्यानं एवढ्या मोठ्या गोष्टीवर कुणाला कधी एक अक्षर सांगितलं नाही.

— तुलाही नाही? तुझ्या वडिलांनाही नाही? हं. नाही सांगितलं म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी आले. दुपारी, जुहरच्या वेळेला, अब्बा नमाजला गेले होते. त्यांना ते ठाऊक होतं, अकरा वर्षांत वेळापत्रक पाठ झालं असणार. मी पडद्यामागं. कुणाचं तरी लग्नपत्र लिहीत होते. ते अब्बांच्या जागेवर बसले नाहीत, समोर गिऱ्हाइकाच्या जागेवर बसले. मला वाटलं ओरडतील. मी तयारीत होते, दहा उत्तरं जमवून ठेवली होती जिभेवर. म्हणाले, ‘ती जेवून गेली ते बरं झालं. ते मला सुचलं नसतं.’ मग म्हणाले, ‘मी विचारायचं विसरलो.’ मी म्हटलं, ‘अकरा पानं मेजवानी लिहायला विसरला नाहीत.’ ते हसले. खोकले. आणि मग म्हणाले, अगदी हळू — ‘आणि आता विचारलं तर?’

आता मला सांग. आयुष्यभर जिची जीभ चालली ती मी. मावशी म्हणायची, सुग्राला भूत भेटलं तर भूत कानात बोटं घालील. आणि मी, मी गप्प बसले. बोरू हातात, शाई टोकाला वाळली, आणि तोंडातून शब्द नाही. का नाही? मला काय माहीत का नाही! लाजले असेन. एकतीस वर्षांच्या घोड्या बायकांनाही लाज वाटते म्हणे, मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, गप्प बसले म्हणजे कळेल. सगळ्या जगाला कळतं! उभ्या हैदराबादेत कुठलाही पुरुष घे, कुठलाही, पानवाला घे, काझी घे — पडद्यामागची बाई गप्प बसली की तो काय समजतो? हो समजतो, आणि खजूर उधळतो. पण साहेबांनी कालच माझी साडेतीन पानं वाचली होती ना! मोठ्यानं बोलल्याशिवाय कबूल धरायचं नाही, हे त्यांना पटलं होतं. अख्ख्या शहरात एक माणूस सुधारला, तोही नेमका हाच, आणि तोही नेमका त्याच दुपारी! थांबले. खूप थांबले, तसं म्हणता येणार नाही की थांबले नाहीत. मग म्हणाले, ‘कळलं. तसदी माफ करा.’ आणि उठले. चप्पल घालताना जरा वेळ लागला त्यांना, वाकलं की भोवळ यायची अजून. मी तेवढ्यात हाक मारू शकले असते. चप्पल घालायला किती वेळ लागतो? पुष्कळ लागतो. ‘हो’ म्हणायला लागतो त्यापेक्षा जास्तच.

मारली नाही.

पुढं काय व्हायचं? त्यांनी बदली मागून घेतली बिदरला. लिहिणं सोडलं. आठवा खंड येणार म्हणून हाजी साहेब दोन वर्षं सांगत राहिले. दीड वर्षानं त्यांच्या निकाहाची पत्रिका आली. मला नाही गं, आमंत्रण नव्हे. लिहायला आली! त्यांच्या मामांनी आणली, म्हणाले छत्ता बाजारात वासे साहेबांच्या तोडीचं अक्षर नाही. मग, लिहिली. सुबक लिहिली. तुझ्या आजीच्या नावाभोवती वेल काढली, तसली वेल मी कुणासाठी काढली नव्हती. एक नुक्ता चुकला नाही. घरात असेल तर बघ. — आहे? चौकटीत? बरं. चांगली बाई असणार. तिच्यामुळे तू झालीस, नाहीतर आज माझी दुपार मोडायला कोण आलं असतं!

रडतेस काय? चल, पूस. तसलं काही नाही. मी त्यानंतर चव्वेचाळीस सालं माझ्या मर्जीनं जगले. अब्बांनंतर बैठक चालवली, पडदा काढून टाकला, कॉम्प्युटर येईपर्यंत दाढीवाल्यांच्या ओळीत बसून लिहिलं. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. ती याकुतपुऱ्याची पोरगी पुढं शिक्षिका झाली, मधे काही दिवस अक्षर सुधारायला म्हणून माझ्याकडं यायची, तिला कधी सांगितलं नाही ते कुणी लिहिलं. तिला वाटायचं मुईज साहेबांनी. वाटू दे.

कुठला शेवट छापू? अजून तेच विचारतेस? हे बघ, तीन हजार पानं आहेत, सगळी त्यांची. लंगडा पाय त्यांचा, कबुतरं त्यांची, चष्मा त्यांचा. मी त्यातला एक शब्द ठेवून घेते. तो ‘नाही’. त्या शब्दासाठी त्यांनी मशिदीच्या दारात शिव्या खाल्ल्या, आणि तू, त्यांची नात, तो खोडून तिथं डबल का मीठा घालणार? मोठी आलीय खरा शेवट छापणारी! सात खंड जसे आहेत तसे छाप. ही बेचाळीस घरी ने, तुझ्या लग्नात जेवणाची यादी करायला उपयोगी पडतील. — आणि आज मी जे बोलले, ते त्या वहीतलं पान फाडून दे इकडे. सगळं. तेही. मागचंही.

काय? — नाही, मला नको वाचून दाखवूस. कुठलंच पान नको. वाकियानवीसाच्या आनंदाची पाच पानं मला पाठ आहेत.

ऊठ. साडेचारची बस आहे बिदरला, ती चुकली तर पुढची गर्दीची. पायऱ्या सांभाळून उतर, खालून पाचवी फुटलेली आहे. जा म्हणते ना. जा.